काच तिकडे, डोळा इकडे

पोरी,

पुण्यात बसून उदगीर-धाराशिवकडच्या बायोप्सी स्क्रीनवर बघायचं काम घेतलंस, असं वहिनीनं सांगितलं. फार बरं वाटलं. आमच्या वेळी गावाकडच्या पेशंटचा टिश्यू एसटीच्या पार्सलमधून यायचा. बाटली कधी गळालेली असायची, कधी नुसती कोरडी. रिपोर्ट हातात पडेपर्यंत बिचाऱ्याचे तीन-चार हेलपाटे झालेले असायचे. आता काच तिथंच राहते आणि तिचं चित्र तुझ्या टेबलावर येतं, ही सोय लहान नाही.

मी सोलापुरात बत्तीस वर्षं मायक्रोस्कोपवर आणि शेवटची सहा वर्षं स्क्रीनवर रिपोर्ट केले. जे चुकलं ते एका वहीत लिहून ठेवायची सवय होती. त्या वहीतलं तुझ्या कामाचं तेवढं काढून देते. सगळ्याच्या पोटात एकच गोष्ट आहे, ती आधी सांगते. स्क्रीनवर तुला जे दिसतं ते कोणीतरी कापलेलं, रंगवलेलं, पुसलेलं आणि पाठवलेलं असतं. निदान तुझ्या सहीनं जात असलं तरी ते तू एकटी करत नाहीस. तिकडच्या हातांशी ओळख ठेव.

१. फाइल उघडली की आधी लेबल बघ, टिश्यू मागून. नाव, नंबर, ब्लॉक, डावी-उजवी बाजू फॉर्मशी जुळव – नाव चुकलं की गाव चुकलं, मग रस्ता कितीही बरोबर असो.

२. एका वेळी एकाच पेशंटची केस उघडी ठेव – मायक्रोस्कोपच्या स्टेजवर एकच काच बसते, पण स्क्रीनवर शेजारी दोन टॅब असले की दोन्ही सारखेच गुलाबी-जांभळे दिसतात. चहा घेऊन परत आलीस की नाव पुन्हा वाच.

३. फॉर्म शेवटच्या ओळीपर्यंत वाच, आणि आधी काय उपचार झालेत ते रिकामं असेल तर फोन करून विचार – रेडिएशन झालेल्या जागेतल्या चांगल्या पेशीही कॅन्सरसारखा चेहरा करून बसतात.

४. हाडाची बायोप्सी एक्स-रे बघितल्याशिवाय साइन करायची नाही, तिकडून कितीही घाई असली तरी – जुळत आलेल्या फ्रॅक्चरमधलं नवं हाड आणि हाडाचा कॅन्सर नुसत्या स्लाइडवर फसवू शकतात. एक्स-रेचा फोटो मागवायला दोन मिनिटं लागतात, पाय वाचतो.

५. तुकडे मोज. ग्रॉसमध्ये पाच लिहिलेत आणि स्क्रीनवर चार दिसतात, तर पाचवा कुठं आहे हे कळल्याशिवाय पुढं जाऊ नको – न मोजलेल्या पोळ्यांत पाहुणा उपाशी राहतो.

ह्या पाचव्यावर थोडं थांबते, कारण ही चूक माझी आहे. स्तनाची कोअर बायोप्सी होती, सहा धागे काढलेले. स्क्रीनवर पाच होते. पाचांत काही नव्हतं, आणि मी ‘कॅन्सर दिसत नाही’ असं लिहून मोकळी झाले. संध्याकाळी तिकडची टेक्निशियन काचा लावून ठेवत होती. तिनं काच उजेडात धरली आणि मला फोन केला, “मॅडम, एक धागा फिका आहे, तो स्कॅनमध्ये आलाय ना?” आला नव्हता. स्कॅनर आधी काचेचा एक छोटा फोटो काढतो, त्यात टिश्यू कुठं आहे हे स्वतःच ठरवतो आणि तेवढाच भाग मोठा करून घेतो. चरबीचा धागा इतका फिका की यंत्राला ती रिकामी काच वाटली. त्याच चरबीत लोब्युलर कॅन्सरच्या पेशी एकामागे एक ओळ धरून चालल्या होत्या. रिपोर्ट त्याच रात्री बदलला आणि सर्जनशी स्वतः बोलले. त्या बाईंचं ऑपरेशन वेळेवर झालं ते एका टेक्निशियनच्या नजरेमुळं. तेव्हापासून मी स्कॅनच्या आधीचा तो छोटा फोटो बघितल्याशिवाय एकही केस उघडली नाही.

६. म्हणून प्रत्येक केसमध्ये पूर्ण काचेचा छोटा फोटो आणि स्कॅन झालेला भाग शेजारी लावून बघ. फिका डाग, म्युकसचा ठिपका, कडेला गेलेलं कणाएवढं काही स्कॅनबाहेर राहिलं असेल तर हातानं चौकट आखून पुन्हा स्कॅन करायला सांग – यंत्र आज्ञाधारक असतं, पण शंकेखोर नसतं. शंका तुझ्याकडची.

७. आधी लांबून बघ, मग जवळून. गाव बघायचं तर टेकडीवर चढावं, मग गल्लीत शिरावं – माऊसचं चाक बोटाला इतकं हलकं असतं की क्षणात फोर्टीवर नेऊन सोडतं, आणि पेशी बघता बघता घराचा नकाशा हुकतो.

८. शेत नांगरतात तसं ओळीनं जा, एक तास संपला की शेजारचा धर. बघितलेला भाग रंगवून दाखवायची सोय सॉफ्टवेअरमध्ये असेल तर ती चालू ठेव – दीड सेंटिमीटर लांबी-रुंदीच्या टिश्यूचं ४० एक्सवर स्कॅन केलं की ३६० कोटी पिक्सेल होतात. एवढ्या रानात नजर कुठं कुठं जाऊन आली हे कोणाच्याच लक्षात राहत नाही.

९. लिम्फ नोड असेल तर कॅप्सूलच्या आतली कड सबंध फिरून ये – बाहेरून आलेल्या पेशी आधी कुंपणापाशीच उतरतात.

१०. चित्र धूसर असेल तर डोळे बारीक करून निदान काढू नको, परत पाठव. आडातच गढूळ, तर पोहरा घासून काय उपयोग – मायक्रोस्कोपवर आपण फाइन फोकस फिरवून काम भागवतो. इथं स्कॅनरनं एक फोकस धरला की तोच तुझ्या नशिबी.

११. परत पाठवताना नुसतं ‘ब्लर’ लिहू नको, कुठं आणि कशामुळं तेही लिही. पेनची खूण राहिली, कव्हरस्लिपखाली बुडबुडा आहे, वर बोटाचा ठसा आहे – स्कॅनर धुळीच्या कणावर किंवा शाईवर फोकस धरतो आणि खालचा टिश्यू पुसट होतो. कारण कळलं तर पुढच्या शंभर काचा पुसून येतील.

१२. ताजी माउंट केलेली काच लगेच स्कॅनरला लावू नका, असं तिकडं प्रेमानं सांगून ठेव – ओला डीपीएक्स आत चिकटला की यंत्र दिवसभर बंद, आणि त्या दिवसाचे सगळे पेशंट खोळंबतात.

१३. टिश्यूत एखादा परका तुकडा दिसला, आजूबाजूला न शोभणारा, तर थांब. तो दुसऱ्या पेशंटचा वाहून आलेला असू शकतो. ब्लॉकमधून आणखी सेक्शन मागव – हातात काच असती तर फोकस वरखाली करून तो तुकडा वरच्या थरात तरंगतोय हे कळलं असतं. एका थराच्या स्कॅनवर पाहुणा आणि घरचा एकाच पंगतीत बसलेले दिसतात.

१४. घडी पडलेल्या जागेवरून कधीही ग्रेड ठरवू नको – घडीत दोन थर एकावर एक येतात आणि साध्या पेशीही गर्द, दाटीवाटीच्या दिसतात.

आता बाटलीचं. हे तुला कोणी शिकवणार नाही. स्क्रीनवर बसणाऱ्याला वाटतं की आपलं काम स्कॅनपासून सुरू होतं. ते थिएटरमध्ये टिश्यू काढला त्या क्षणी सुरू झालेलं असतं.

१५. ज्या ज्या दवाखान्यातून केसेस येतात तिथं रुंद तोंडाच्या डब्या वापरतात का, ते विचार – इंजेक्शनच्या चिमुकल्या बाटलीत ताजी गाठ दाबून भरली की ती फॉर्मॅलिनमध्ये टणक होते आणि मग बाटली फोडूनच काढावी लागते. आकार बिघडतो, कडा चिरडतात, मार्जिन कुठली ते सांगता येत नाही.

१६. टिश्यूच्या निदान दहापट फॉर्मॅलिन, आणि सलाइन मुळीच नाही. हे वाक्य मोठ्या अक्षरात छापून थिएटरच्या भिंतीवर लावायला सांग – सलाइनमध्ये टिश्यू टिकत नाही, सडतो, आणि सडलेल्या टिश्यूचं चित्र कितीही महागड्या स्कॅनरनं काढलं तरी ते सडक्याचंच निघतं.

१७. स्तनाच्या कॅन्सरमध्ये टिश्यू फॉर्मॅलिनमध्ये कधी घातला आणि कधी काढला, ह्या दोन वेळा फॉर्मवर हव्यातच. ६ तासांहून कमी नको, ७२ तासांहून जास्त नको – ईआर, पीआर, हर-टू ह्यांचे निकाल त्याच्यावर अवलंबून असतात, आणि त्या निकालांवर त्या बाईची पुढची औषधं. शनिवारी संध्याकाळी काढलेली गाठ मंगळवारी रात्री बाहेर आली की हिशोब हुकलेला असतो.

१८. आता पुन्हा स्क्रीनकडं. लॅपटॉपवर रात्रीचा पिवळसर उजेड करायची सोय असते ना, ती रिपोर्टिंगच्या वेळी कायम बंद ठेव – इओसिनचा गुलाबी आणि हिमॅटॉक्सिलिनचा निळा ह्यांच्या फरकावरच आपलं दुकान आहे. तोच फरक ती सोय खाऊन टाकते.

१९. खिडकी पाठीशी नको. दुपारचं ऊन स्क्रीनवर पडलं की फिकी केंद्रकं पुसली जातात – तू ज्याला रिकामी जागा समजशील तिथं पेशी असतील.

२०. नवा स्कॅनर आला, किंवा तिकडं रंगाची नवी बाटली फोडली, तर पहिले आठ दिवस हळू चाल – डोळ्याला एका घरच्या वरणाची चव लागलेली असते, दुसऱ्या घरचं तेच वरण वेगळं लागतं.

२१. मोबाइलवर बघून अंतिम रिपोर्ट द्यायचा नाही. आयपीसला मोबाइल लावून काढलेला फोटो आला तर ‘पुढं कुठला स्टेन लावू’ एवढ्यापुरता तो चांगला – त्या फोटोत काय दिसावं हे काढणाऱ्यानं ठरवलेलं असतं, आणि जे त्याला दिसलं नाही ते तुलाही दिसणार नाही.

ह्याच गोष्टीचा अनुभव आपल्याच जिल्ह्यात, बार्शीत घेतला गेलाय. नर्गिस दत्त स्मृती रुग्णालयातून मुंबईच्या टाटा मेमोरियलला स्लाइडचे निवडक फोटो पाठवायचे आणि तिथले पॅथॉलॉजिस्ट त्यावर मत द्यायचे. पहिल्या १०० केसेसचा लेखाजोखा त्यांनी २००४ साली छापला. तेव्हा पूर्ण स्लाइड स्कॅन करणारं यंत्र तिथं नव्हतं, स्थिर फोटोंवर काम चालायचं. ज्यानं फोटो निवडायचा त्याची नजर तयार लागायची, हे त्या पद्धतीचं बळही होतं आणि मर्यादाही. मला त्या कामाचा अभिमान वाटतो. बार्शीच्या माणसाला मुंबईचं मत मिळावं म्हणून दोन्हीकडच्या लोकांनी हाती होतं ते साधन वापरलं, आणि ते कुठं कमी पडतं तेही बघून ठेवलं. तुला आज सबंध काच मिळतेय. म्हणून निवडायची जबाबदारी आता तुझ्याकडे आलीय.

२२. टीबीचा जंतू २० एक्सच्या स्कॅनवर शोधून ‘दिसला नाही’ असं लिहू नको. झेड-एनची काच तिथंच, ऑइल इमर्शनखाली, माहीतगार डोळ्यानं बघायला सांग, नाहीतर काच मागव – त्या स्कॅनमध्ये एक पिक्सेल अर्ध्या मायक्रॉनचा, आणि जंतूची रुंदी जेमतेम तेवढीच. ग्रॅन्युलोमा आणि मधे नेक्रोसिस दिसत असेल तर आपल्या भागात टीबी डोक्यात ठेवूनच रिपोर्ट लिहायचा, जंतू सापडो न सापडो.

२३. जठराच्या बायोप्सीत एच. पायलोरीलाही हाच न्याय. शंका असेल तर स्पेशल स्टेन सांग – म्युकसच्या धाग्यांत तो असा दडतो की २० एक्सवर त्याचा मागमूस लागत नाही.

२४. काँगो रेडची स्लाइड साध्या स्कॅनवर संपवू नको. अमायलॉइडचा तो हिरवा रंग पोलरायझरखालीच दिसतो, आणि बहुतेक स्कॅनरमध्ये पोलरायझर नसतो – किडनीच्या बायोप्सीत हे विसरलं तर पेशंटचं पुढचं सगळं उपचाराचं गणित बिघडतं. टाक्याचा दोरा, सिलिका, काही क्रिस्टल, ह्यांचंही तसंच.

२५. एफएनएसीचे जाड स्मिअर एका थरात स्कॅन करून आले तर ‘अनेक थरांत घ्या’ म्हणून सांग – पेशींचे घोस उंच-सखल असतात. वरचा थर स्पष्ट तर खालचा पुसट, आणि निदान नेमकं खालच्यात.

२६. मायटोसिस मोजताना ‘दहा हाय पॉवर फील्ड’ ही भाषा विसर आणि चौरस मिलिमीटरमध्ये मोज. सॉफ्टवेअरमध्ये चौकट आखता येते, दोन चौरस मिलिमीटरची आखून ठेव – मायक्रोस्कोपवर फील्डचा व्यास अर्धा मिलिमीटर असेल तर दहा फील्ड म्हणजे जवळपास तेवढंच क्षेत्र होतं, पण तुझ्या स्क्रीनवर एका नजरेत किती मावतं ते स्क्रीनच्या मापावर ठरतं. मोठा स्क्रीन घेतला म्हणून पेशंटचा ग्रेड वाढायला नको.

२७. आकसलेलं काळं केंद्रक मायटोसिस म्हणून मोजू नको. कडा केसाळ आहेत का, आवरण गेलंय का, ते बघ – एका थराच्या चित्रात दोघं जुळे भाऊ दिसतात, आणि मोजणीची चूक ग्रेडमध्ये उतरते.

२८. लो-ग्रेड डिस्प्लेजिया आहे की नुसती सूज, हे ठरत नसेल तर एक रात्र जाऊ दे आणि दुसऱ्याला दाखव – काचेवरही ह्या एका शब्दावर चांगल्या चांगल्यांची मतं जुळत नाहीत, तिथं स्क्रीनला दोष देऊन काय होणार.

काच मागवायची लाज वाटते नव्या लोकांना. वाटतं, तिकडचे म्हणतील, बाईंना स्क्रीनवर कळत नाही. म्हणू देत. माझ्या वहीत काच मागवल्याच्या नोंदी शेकड्यांनी आहेत आणि त्यातल्या एकीचाही मला पश्चात्ताप नाही. पश्चात्ताप आहे तो न मागवलेल्या चारांचा. शंका लवकर विचारली तर तो प्रश्न असतो, उशिरा विचारली तर पंचनामा होतो.

२९. पहिला खरा रिपोर्ट देण्याआधी स्वतःची परीक्षा घे. निदान ६० केसेस आधी काच किंवा स्क्रीन, एका साधनावर बघ, मध्ये दोन आठवडे जाऊ दे, मग त्याच दुसऱ्या साधनावर बघ आणि ताळा कर – अमेरिकेतल्या पॅथॉलॉजिस्टांच्या कॉलेजनं २०१३ साली हाच दंडक घालून दिला. २०२१ मध्ये त्यात भर घातली की ताळा ९५ टक्क्यांच्या खाली गेला तर कारण शोधा.

३०. ह्या ६० केसेस सोप्या निवडून स्वतःची समजूत काढू नको. तिकडून जशा येतात तशाच घे, चुरगळलेल्या, फिक्या, अर्ध्या घडीच्या – लढाई ज्या रानात करायची त्याच रानात सराव करावा.

३१. न जुळलेल्या केसेसची वही घाल. माझी होती तशी, दोनशे पानी – तुझा डोळा कुठं कमी पडतो हे पुस्तकात नसतं, तुझ्याच वहीत असतं.

आणि स्क्रीनला घाबरू नकोस. २०१७ साली अमेरिकेच्या एफडीएनं प्राथमिक निदानासाठी पूर्ण स्लाइड स्कॅन करणाऱ्या पहिल्या यंत्रणेला परवानगी दिली. त्यामागच्या अभ्यासात १९९२ केसेस १६ पॅथॉलॉजिस्टांनी दोन्ही तऱ्हांनी बघितल्या. मूळ निदानापासून मोठा फरक पडल्याचं प्रमाण स्क्रीनवर ४.९ टक्के होतं आणि मायक्रोस्कोपवर ४.६. हे आकडे मी मुद्दाम तोंडपाठ केलेत. स्क्रीन मागे नाही, हे त्यात दिसतं. काचेवरही चूक होते, हेही दिसतं. मागाहून कोविडच्या काळात आपल्या टाटा मेमोरियलच्या डॉक्टरांनी घरी बसून स्क्रीनवर बायोप्सी बघितल्या आणि तो अनुभव २०२१ मध्ये प्रसिद्ध केला. घरची साधी ब्रॉडबँड आणि स्वतःचा लॅपटॉप घेऊनही शिस्तीनं हे काम होतं, हे आपल्याच माणसांनी दाखवलंय.

आता फ्रोझनचं. इथं मात्र एकेक मुद्दा हळू वाच. पेशंट टेबलावर असतो, पोट उघडं असतं, आणि सर्जन तुझ्या शब्दाची वाट बघत हात थांबवून उभा असतो.

३२. आदल्या दिवशी लाइन तपास. एक जुनी स्लाइड स्कॅन करून मागव आणि ती किती मिनिटांत उघडते ते घड्याळावर बघ – टिश्यू मिळाल्यापासून वीस मिनिटांत उत्तर हा जगभरचा दंडक आहे. त्यातली दहा जर चित्र उतरण्यात गेली तर विचार करायला काय उरलं?

३३. दुसरं नेट आणि दुसरा फोन तयार ठेव, इन्व्हर्टर बघून घे. तिकडंही हेच विचार – वीज आपल्याला विचारून जात नाही.

३४. फ्रोझन चालू असेपर्यंत फोन उघडा ठेव. टिश्यू कापणाऱ्याला कॅमेऱ्यावर अख्खी गाठ आधी दाखवायला सांग, शाई कुठल्या बाजूला लावली ते विचार, मगच तुकडा घेऊ दे – फ्रोझनमधल्या चुका पुष्कळदा स्लाइड बघण्यात नसतात, तुकडा भलत्याच जागचा घेतलेला असतो.

३५. उत्तर देताना पेशंटचं पूर्ण नाव, नंबर आणि बाजू आधी बोल, मग निदान. समोरच्याकडून ते पुन्हा म्हणवून घे – ‘नाही’ आणि ‘आहे’ ह्यांच्यात फोनवर फक्त एक खरखर असते.

३६. ‘फ्रोझनवर सांगता येत नाही, पॅराफिनची वाट बघू’ हेही उत्तर आहे. ते स्वच्छ आवाजात दे – सर्जनला अर्धवट होकारापेक्षा पूर्ण ‘थांबा’ जास्त उपयोगी पडतो.

३७. गाठ कॅन्सरची आहे का, मार्जिन मोकळी आहे का, नोडमध्ये आहे का, सर्जननं जे विचारलं तेवढंच सांग. ग्रेड आणि पोटप्रकार मागाहून – बर्फानं पेशी फुगलेल्या असतात, त्यांच्याकडून बारीक गोष्टी वदवून घेऊ नयेत.

लांबून निदान करायचं हे काम काही काल सुरू झालेलं नाही. ‘टेलिपॅथॉलॉजी’ हा शब्द रोनाल्ड वाइनस्टीन यांनी १९८६ मध्ये रूढ केला. त्याच वर्षी टेक्सासातल्या एल पासोतला मायक्रोस्कोप उपग्रहामार्फत वॉशिंग्टनमधून चालवून दाखवला गेला. मला मात्र नॉर्वेचं जास्त कौतुक. देशाच्या पार उत्तरेला किर्केनेस नावाचं गाव. तिथल्या हॉस्पिटलात पॅथॉलॉजिस्ट नव्हता. ट्रोम्सोच्या विद्यापीठ रुग्णालयातले डॉक्टर १९९० च्या सुमारास शेकडो किलोमीटरवरून तिथला मायक्रोस्कोप चालवून फ्रोझनचं उत्तर द्यायला लागले. बर्फात अडकलेल्या गावातल्या पेशंटला दुसऱ्या ऑपरेशनसाठी विमानानं हलवावं लागू नये, म्हणून एवढा खटाटोप. आपल्याकडं बर्फ नाही, पण गडचिरोलीपासून नागपूर आणि उदगीरपासून पुणे कमी लांब नाही, विशेषतः ज्याला मजुरी बुडवून जावं लागतं त्याला.

३८. कॉम्प्युटरनं संशयाची जागा रंगवून दिली तर ती नंतर बघ, आधी आपली नजर सबंध फिरव – एकदा कोणी बोट दाखवलं की डोळा दुसरीकडं जायचा कंटाळा करतो.

३९. शंकेच्या जागेभोवती गोल करून ज्येष्ठाला लिंक पाठव, पण दुसरं मत हवं असेल तर गोल पुसून पाठव – खूण दाखवली की मत मिळत नाही, होकार मिळतो.

४०. पेशंटचं नाव दिसणारं चित्र व्हॉट्सअॅपवर टाकायचं नाही, आपल्या बॅचच्या ग्रुपवरसुद्धा. २०२३ चा डिजिटल पर्सनल डेटा प्रोटेक्शन कायदा आहेच, पण कायद्याआधी तो पेशंटचा मान आहे – त्या ग्रुपात त्याच्या गावचा कोणी नसेल कशावरून?

४१. शिकवायला फाइल देताना नाव बदललं म्हणजे झालं असं समजू नको. स्कॅन फाइलच्या आत लेबलचा फोटो वेगळा साठवलेला असतो, तो काढून टाक – बाहेरची पाटी बदलली तरी आतल्या भिंतीवर नाव लिहिलेलं असतं.

४२. काचा आणि ब्लॉक तिकडं नीट रांगेत लागतात का, हे सहा महिन्यांनी एकदा स्वतः जाऊन बघ – चित्र हरवलं तर काचेवरून पुन्हा काढता येतं, काच फुटली तर ब्लॉकमधून कापता येते, ब्लॉक गेला की सगळं संपलं.

४३. रिपोर्टमध्ये लिही की निदान डिजिटल चित्रावर केलंय, आणि काच मागवून बघितली असेल तर तेही – पाच वर्षांनी दुसऱ्या डॉक्टरच्या हातात तो कागद जाईल तेव्हा त्याला कळायला हवं की तू काय बघितलंस आणि काय नाही.

४४. घाईनं दिलेला रिपोर्ट आणि उतू गेलेलं दूध पातेल्यात परत येत नाही. बदलायची वेळ आलीच तर गुपचूप बदलू नको. सर्जनला स्वतः फोन कर, काय बदललं आणि का, ते सांग – जुना रिपोर्ट तोवर पेशंटच्या पिशवीत असतो आणि पेशंट ती पिशवी घेऊन दुसऱ्या शहरात पोचलेला असतो.

४५. रात्री नऊनंतर अवघड केस उघडली तर मत लिहून ठेव, सही सकाळी कर – दमलेल्या डोळ्याला सगळी केंद्रकं सारखी दिसतात. तासाभरानं उठ, खिडकीतून लांबचं झाड बघ. माझ्या उजव्या मनगटाला माऊसनं जे दुखणं दिलं ते अजून पावसाळ्यात बोलतं, तुझं मनगट सांभाळ.

४६. तिकडच्या टेक्निशियनला नावानं ओळख. चांगला सेक्शन आला की लगेच कळव, वाईट आला तर ओरडू नको, विचार. ब्लेड जुनं झालंय का, वॉटर बाथ गरम आहे का, दिवसाला किती ब्लॉक कापावे लागतात – ज्या माणसाला आपलं काम कोणी बघतंय असं वाटतं, तो काच उजेडात धरून बघतो.

त्या फिक्या धाग्याच्या टेक्निशियनचा फोन आठवतो ना? ती माझ्याशी मोकळेपणानं बोलू शकली, कारण आदल्या आठवड्यात मी तिच्या रंगाचं कौतुक केलं होतं. केलं नसतं तर तिनं कदाचित काच ठेवून दिली असती.

सोमवारी तुझं पहिलं फ्रोझन आहे म्हणे. रविवारी संध्याकाळी लाइन तपासून घे, आणि त्याआधी तिकडच्या टेक्निशियनला एक फोन कर. नाव विचार, वहीच्या पहिल्या पानावर लिही. मग मला फोन कर, मी जागीच असेन.

तुझी आत्या